उज्जयिनीचा वीणावादक

पालि जातकांतील गोष्टी आपल्याकडे बहुधा मुलांना सांगण्यासाठींच वाचल्या जातात, आणि सांगून झाल्या म्हणजे त्यांचें तात्पर्य तेवढें पदरीं घेऊन गोष्ट मिटून ठेवण्याची आपली रीत आहे. माकड आणि मगर, बगळा आणि खेंकडा ह्यांच्या कथांना ही रीत सोसते. पण संग्रहांतील ५४७ जातकांत कांहीं अशीं आहेत कीं, त्यांचें तात्पर्य कथेच्या मानानें अगदींच तोकडें पडतें. अंगरखा लहान आणि अंग मोठें अशी त्यांची स्थिति होते. २४३ वें गुत्तिलजातक हें त्यांपैकीं एक होय. एक वीणावादक आपलें गांव सोडून काशीस येतो, तेथें विद्या मिळवितो, मग तेथेंच आपल्या वादनाला कोठें तरी जागा मिळावी म्हणून खटपट करतो, आणि त्या खटपटींत प्राणास मुकतो, एवढीच ही हकीकत. कथेनें ज्याला अपराधी ठरविलें आहे त्याच्या बाजूनें ती एकदां वाचून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कथेची चौकट प्रसिद्धच आहे. राजगृहाच्या वेळुवनांत देवदत्ताविषयीं भिक्षूंमध्यें बोलणें निघतें. ज्याच्यापाशीं तो सर्व कांहीं शिकला त्या गुरूलाच आतां तो नाकारूं लागला आहे. ह्यानें पूर्वजन्मींही असेंच केलें होतें, असें सांगून भगवान् ती जुनी गोष्ट सांगतात, आणि शेवटीं कोण कोण होता तें उलगडून दाखवितात: मूसिल तो देवदत्त, शक्र तो अनुरुद्ध, राजा तो आनंद, आणि गुत्तिल ते स्वतः भगवान्. म्हणजे ह्या खटल्यांत निकाल आधीं लागलेला असून सुनावणी मागाहून व्हावयाची आहे. अशा सुनावणींत साक्षीपुरावा बेताबेतानेंच पुढें यावा अशी आपली अपेक्षा असते. परंतु ह्या कथेचा सांगणारा, तो कोणी कां असेना, वकील कच्चा आणि कलावंत पक्का होता. आरोपीला उपयोगी पडेल असा पुरावाही त्यानें दडवून ठेवलेला नाहीं.

कथेचा आरंभ उज्जयिनींत होतो. काशीचे कांहीं व्यापारी तेथें उदीमासाठीं गेलेले असतात. उत्सवाचा दिवस येतो. ते वर्गणी करून फुलें, गंध, खाणेंपिणें जमवितात, आणि एखादा वाजविणारा बिदागी देऊन आणावा असें ठरवितात. उज्जयिनींत त्या वेळीं मूसिल नांवाचा वीणावादक सर्वांत श्रेष्ठ गणला जात असे. तो येतो, वीणा उंच मूर्च्छनेंत लावून वाजवूं लागतो. व्यापाऱ्यांना काशींत गुत्तिलाची वीणा ऐकण्याची संवय. त्यांना हें वादन चटई खरवडल्यासारखें वाटतें. कोणी मान हलवीत नाहीं. मूसिल तारा उतरवून मध्यम मूर्च्छनेंत वाजवितो. तीच शांतता. मग आणखी उतरवितो. तरी कोणी कांहीं बोलेना. शेवटीं न राहवून तो विचारतो कीं, माझें वाजविणें आपणांस आवडत नाहीं काय? त्यावर व्यापारी साळसूदपणें म्हणतात कीं, आपण वाजवीत होतां काय? आम्हांस वाटलें, अजून वीणाच लावीत आहां!

हा विनोद किती नेमका आहे हें कळण्यासाठीं त्या काळची वीणा डोळ्यांपुढें आणली पाहिजे. ती आजच्या रुद्रवीणेसारखी पडद्यांची नव्हे. समुद्रगुप्ताच्या नाण्यावर तो जी वाजवीत बसला आहे ती धनुष्याकृति वीणा ध्यानांत घ्यावी: तारा मोकळ्या, आणि एका तारेला एक स्वर. मूर्च्छना बदलावयाची म्हणजे तारा पुन्हा चढवावयाच्या किंवा उतरवावयाच्या. तेव्हां मूसिल तीन वेळां तारा चढवीत-उतरवीत बसला होता ही गोष्ट खरीच. व्यापाऱ्यांनीं फक्त त्यामधलें वादन हिशेबांत धरलें नाहीं. बैठकींतल्या जाणत्या श्रोत्याचा हा खवचटपणा आपल्याकडील गाण्याच्या शोकिनांना अपरिचित नाहीं. दोन अडीच हजार वर्षांत बैठकीच्या कोपऱ्यांतील तो मनुष्य मुळींच बदललेला दिसत नाहीं.

ह्यापुढें जें घडतें त्याकडे मात्र टीकाकारांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. मूसिल चिडत नाहीं असें नाहीं; मजपेक्षां थोर असा कोणी तुम्हीं ऐकला आहे, कीं तुम्हांलाच कांहीं कळत नाहीं, असें तो विचारतो. पण गुत्तिलाचें नांव कानीं पडतांच तो घेतलेली बिदागी परत करतो आणि आपणांस काशीस घेऊन चला अशी विनंती करतो. ज्या शहरांत आपण पहिले आहोंत तें शहर सोडून, जेथें आपण कोणीच नाहीं अशा शहरीं, चार परक्या व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर, केवळ आपल्याहून थोर असा एक वादक तेथें आहे एवढ्या वार्तेवर निघणारा हा मनुष्य! कथेला ज्याला कृतघ्न म्हणून दाखवावयाचें आहे त्याचा प्रवेशच मुळीं अशा नम्रतेनें व्हावा, ही सांगणाऱ्याची प्रामाणिक दृष्टि नव्हे तर काय? विद्येसाठीं काशीची वाट धरणाऱ्यांची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. धर्मानंद कोसंबी गोव्याहून निघून असेच काशीस पोंचले आणि अन्नसत्रांत जेवून संस्कृत शिकले. त्यांच्या ‘निवेदन’ ह्या आत्मवृत्तांतील तीं प्रकरणें ज्यांनीं वाचलीं असतील त्यांना मूसिलाच्या ह्या निघण्याची किंमत सांगावयास नको.

काशीस आल्यावर व्यापारी त्याला गुत्तिलाचें घर दाखवून आपापल्या कामाला लागतात. गुरु बाहेर गेलेले. घरांत त्यांचे अंध आईबाप तेवढे आहेत. भिंतीवर एक सुंदर वीणा लटकत आहे. मूसिलाला राहवत नाहीं. तो ती काढून वाजवूं लागतो. आंधळ्या म्हाताऱ्यांना वाटतें, वीणेला उंदीर लागले, आणि तीं दोघें उंदरांना हांकलूं लागतात. मूसिल मुकाट्यानें वीणा ठेवतो, पायां पडतो आणि आपण कोण, कोठून आलों तें सांगतो. हा प्रसंग हंसण्यासाठीं सांगितला आहे आणि हंसूं येतेंही. पण उज्जयिनीच्या पहिल्या वादकाला काशींत पहिली दाद मिळाली ती उंदीर म्हणून, हें हंसतां हंसतां मनांत रुतून बसतें.

गुत्तिल परत येतो. त्याला अंगविद्या अवगत असल्यामुळें हा मनुष्य सज्जन नव्हे असें त्याला लक्षणांवरून कळतें, आणि ही विद्या तुझ्यासाठीं नाहीं असें सांगून तो नकार देतो. मूसिल म्हाताऱ्यांचे पाय धरतो, त्यांची सेवा करून त्यांना आपलेंसें करतो. आणि आईबापांचा शब्द मोडवेना म्हणून गुत्तिल त्याला शिष्य करतो. एकदां शिष्य केल्यावर मात्र तो हातचें राखून शिकवीत नाहीं. पालींत ह्या हातचें राखण्याला ‘आचरियमुट्ठि’, म्हणजे आचार्याची झांकलेली मूठ, असा फार सुंदर शब्द आहे. महापरिनिब्बानसुत्तांत भगवान् आपल्या धर्माविषयीं बोलतांना अशी मूठ आपल्यापाशीं नाहीं असें आनंदाला सांगतात, तेथेंही हाच शब्द आला आहे. तेव्हां गुत्तिलाच्या अध्यापनाचें वर्णन करतांना कथाकाराच्या मनापुढें कोण उभें होतें हें उघड आहे. भातखंड्यांनीं घराण्यांतल्या चिजा मिळवून क्रमिक पुस्तकांच्या रूपानें छापविल्या, त्या खटाटोपांत त्यांना अशा किती मुठी सोडवाव्या लागल्या असतील ह्याची कल्पना ज्यांना आहे, त्यांना गुत्तिलाचें हें औदार्य सामान्य वाटणार नाहीं.

येथपर्यंत दोघेही आपल्या मनांत भरतात. खटका उडतो तो विद्या संपल्यावर. मूसिल मनाशीं विचार करतो कीं, वाराणसी ही जंबुद्वीपांतील श्रेष्ठ नगरी. गुरु तर आतां वृद्ध झाले. तेव्हां आपण येथेंच राहावें. हा विचार कोरडा आहे, त्यांत गुरूविषयीं माया नाहीं, हें आम्ही कबूल करतों. मूसिलाचा दोष कोठें असेल तर तो येथें आहे. पण पुढची घडामोड पाहावी. तो राजाची चाकरी करण्याची इच्छा गुरूपाशीं बोलून दाखवितो. गुरु राजाला सांगतो. राजा म्हणतो, तुम्हांला मिळतें त्याच्या निम्में त्याला देऊं. मूसिल म्हणतो, विद्या सारखी तर वेतनही सारखें मिळावें. राजा अट घालतो कीं, गुरूच्या बरोबरीची विद्या दाखवील तर बरोबरीचें वेतन मिळेल. गुरूशीं स्पर्धा करणें बरें नव्हे असेंही राजा त्याला बजावतो, पण मूसिल हट्टास पेटतो, आणि सातव्या दिवशीं दोघांचा सामना होणार अशी दवंडी पिटली जाते.

ह्यांत उद्धटपणा आहे, अन्याय मात्र नाहीं. मूसिल गुरूचें वेतन कमी करा म्हणत नाहीं, त्याची जागाही मागत नाहीं, स्वतःची मागतो. आणि ती मागण्यासाठीं त्या काळीं राजद्वाराखेरीज दुसरें दारच नव्हतें. मिरज सोडून १८९६ सालीं बाहेर पडलेल्या विष्णु दिगंबरांना निदान लोकाश्रय ही एक नवी वाट चोखाळतां आली. ५ मे १९०१ रोजीं लाहोरासारख्या जुन्या आणि परक्या शहरांत त्यांनीं गांधर्व महाविद्यालय उघडलें तें कोणा एका दरबारचें मांडलिक होऊन नव्हे. मूसिलाच्या काशींत अशी वाट नव्हती. एक राजा, एक रंगभूमि, आणि तीवर एक वृद्ध वादक आधींच बसलेला. परगांवच्या माणसानें अशा शहरीं कोठें वाजवावें, ह्या प्रश्नाचें उत्तर कथेजवळ नाहीं, आणि तो प्रश्न मात्र तिनें मोठ्या स्पष्टपणें मांडून ठेवलेला आहे.

दवंडी पिटल्यानंतरचे सहा दिवस गुत्तिलाचे आहेत, आणि आमच्या मतें सबंध जातकसंग्रहांत इतकें सूक्ष्म मनुष्यदर्शन थोड्याच ठिकाणीं झालें असेल. आपण म्हातारे झालों. हरलों तर लाज जाईल, आणि जिंकलों तरी शिष्याला जिंकल्याची ती कसली कीर्ति? त्यापेक्षां अरण्यांत जाऊन मरावें म्हणून तो निघतो. अरण्यांत गेला कीं मरणाचें भय वाटतें, म्हणून घरीं परततो. घरीं आला कीं लाजेचें भय वाटतें, म्हणून पुन्हा निघतो. असें जातां येतां त्याच्या पायांखालचें गवत मरून तेथें पाऊलवाट पडते. बोधिसत्त्वाला, म्हणजे जो पुढें बुद्ध होणार त्याला, इतकें भ्यालेलें दाखविण्यास कथाकार कचरला नाहीं. भयाचें वर्णन तो एका शब्दानेंही करीत नाहीं; फक्त वाट दाखवितो.

आणि मग शक्राचें आसन तापतें. तो खालीं येतो, गुत्तिलाला अभय देतो, आणि युक्ति सांगतो: सामन्यांत वीणेची एक तार तोडावी, नाद पूर्ववत् चालेल. मूसिलही आपली तार तोडील, पण त्याचा नाद तुटेल. मग दुसरी, तिसरी, अशा सातही तोडाव्या आणि नुसत्या दांड्यावर वाजवावें. त्या नादानें बारा योजनांची काशी भरून जाईल. शिवाय तीन फांसे देतो. ते आकाशांत फेंकले म्हणजे एकेकासरशी तीनशें अप्सरा उतरून नाचूं लागतील. सामन्याच्या दिवशीं हें सारें यथासांग घडतें. पण त्याच्या आधीं एक लहानसें वाक्य येऊन जातें, आणि तें आरोपीच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहे. दोघेही प्रथम सारखेंच वाजवितात आणि लोक दोघांनाही सारखेच वाखाणतात. राजाची अट काय होती? बरोबरीची विद्या दाखविण्याची. ती अट येथें पुरी झाली. त्यानंतर जें होतें तें संगीत नव्हे. तो चमत्कार आहे, आणि चमत्कारांत दोन वादकांची तुलना करतां येत नाहीं.

तंतुहीन वीणेची ती कल्पना भव्य आहे ह्यांत शंका नाहीं. एका तारेला एक स्वर असलेल्या वाद्यांतून एकेक स्वर काढून टाकीत जावा आणि गाणें मात्र उणें होऊं नये, ही कल्पना ज्याला सुचली तो संगीताच्या मर्माजवळ पोंचलेला असला पाहिजे. गुत्तिलानें ती स्वतःच्या तपानें साधली असती तर कथेचा हा भाग जगांतील थोर वाङ्मयांत जाऊन बसला असता. ती आकाशांतून कानांत सांगितली गेली, ह्यामुळें तिचें पाणी कमी होतें. मूसिलाची बोटें मात्र शेवटपर्यंत त्याचीं स्वतःचींच आहेत. उज्जयिनींत काशीच्या व्यापाऱ्यांना त्याचें वादन म्हणजे तारा जुळविणें वाटलें, अंधांना उंदीर वाटले; तिसऱ्या खेपेस, सबंध काशीसमोर, तो खरोखरच वादक म्हणून ऐकला गेला, आणि तोही कांहीं क्षणच.

पुढचें सांगण्यास लेखणी कचरते. राजा खूण करतो; आपली पायरी न ओळखतां गुरूची बरोबरी करतोस काय, असें म्हणत जमाव मूसिलावर तुटून पडतो, हाताला लागतील त्या दगडांनीं आणि दांडक्यांनीं त्याला ठार करतो, आणि पाय धरून ओढीत नेऊन उकिरड्यावर टाकतो. घटकेपूर्वीं ह्याच लोकांनीं त्याला वाहवा दिली होती. बोधिसत्त्व रंगभूमीवर उभा आहे. त्याच्या तोंडीं कथाकारानें एक शब्द घातलेला नाहीं. राजा त्याच्यावर धनाचा वर्षाव करतो, नगरजनही करतात, आणि कथा पुढें चालूं लागते. ज्या धर्मानें मैत्री आणि करुणा ह्यांचा एवढा विस्तार केला त्याच्या कथाभांडारांत ही जागा अशी उघडी पडावी, ह्याचें आश्चर्य वाटल्यावांचून राहत नाहीं.

येथें ग्रंथाच्या घडणीकडे पाहणें उपयोगी पडतें. जातकांतील गाथा तेवढ्या मूळ त्रिपिटकांत मोडतात. गद्य हें अट्ठकथेचें असून तें आजच्या रूपांत सिंहलद्वीपांत पुष्कळ मागाहून स्थिरावलें. गुत्तिलजातक दुकनिपातांतलें, म्हणजे त्याला गाथा दोनच. पहिलींत गुरु सांगतो कीं, सात तारांची मधुर वीणा मीं ज्याला शिकविली तोच मला रंगभूमीवर बोलावीत आहे, तरी हे कौशिका, मला आधार दे. दुसरींत शक्र तो आधार देतो आणि शिष्य तुला जिंकणार नाहीं, तूंच शिष्याला जिंकशील, असें आश्वासन देतो. बस्स. मूसिलाचें नांवसुद्धां त्या गाथांत नाहीं. दगडही नाहींत आणि उकिरडाही नाहीं. एका वृद्ध कलावंताचें भय आणि त्याला मिळालेला धीर, एवढाच मूळ गाभा दिसतो. उज्जयिनीची बैठक, परत केलेली बिदागी, भिंतीवरची वीणा, पायांनीं पडलेली वाट हीं सारीं गद्यांतलीं लेणीं. आणि तो अमानुष शेवटही गद्यांतलाच. एकाच लेखणीनें, किंवा एकाच परंपरेनें म्हणा, मूसिलाला जिवंतही केलें आणि मारलेंही.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, देवदत्ताची कथा म्हटली कीं दंड आलाच. त्याला पृथ्वीनें गिळलें तेथें मूसिलाला दगड बसले तर नवल काय? हें म्हणणें निरुत्तर करणारें नाहीं. देवदत्तानें गुरूचा जीव घेण्याचे प्रयत्न केले असें परंपरा सांगते. मूसिलानें वेतन मागितलें. दोन अपराध एका मापाचे नसतांना त्यांवर एकच शिक्का मारल्यामुळें कथा दुभंगली आहे. सिंहली वाचकांत ह्या कथेला मोठा मान आहे. पंधराव्या शतकांत वेत्तेवे नांवाच्या कवीनें तिच्यावर रचलेलें ‘गुत्तिल काव्य’ तेथें अजून आवडीनें वाचलें जातें, आणि त्यांतील गुरुभक्तीचा बोध घरोघर पोंचलेला आहे. बोध चांगलाच आहे. परंतु ज्याच्या उदाहरणानें तो द्यावयाचा तो मनुष्य बिदागी परत करून काशीची वाट धरणारा होता, हें विसरून तो देतां येतो, इतकेंच आमचें म्हणणें.

कथेला एक शेपूट आहे, आणि तें वाचल्याखेरीज मूसिलाचा विचार पुरा होत नाहीं. स्वर्गांतील देवकन्यांना गुत्तिलाची वीणा ऐकण्याची इच्छा होते. शक्र मातलीबरोबर वैजयंत रथ पाठवून त्याला बोलावून घेतो आणि वाजविण्यास सांगतो. तेव्हां हा बोधिसत्त्व नम्रपणें उत्तर करतो कीं, महाराज, आम्ही विद्येवर पोट भरणारीं माणसें; मोल मिळेल तर वाजवूं. शक्र मोल कबूल करतो. गुत्तिल धन मागत नाहीं. कोणत्या सत्कृत्यामुळें आपण येथें आलों तें ह्या देवकन्यांनीं सांगावें, एवढीच त्याची मागणी. कोणी वस्त्र दिलेलें असतें, कोणी फुलें, कोणी गंध, कोणी फळ. त्या साऱ्या जणी आपापलें लहानसें दान सांगतात. सात दिवस त्याची वीणा स्वर्गांत वाजत राहते. पण ती वाजूं लागली ती मोल ठरल्यानंतर.